स्वतःलाच पचवू पाहणारे स्वादुपिंड

मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर लावून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ताज्या अननसाच्या फोडी जास्त खाल्ल्या तर जीभ चुरचुरते, हेही तुम्ही अनुभवले असेल. दोन्ही गोष्टींचे मुख्य कारण एकच आहे. पपईच्या चिकात आणि अननसाच्या रसात प्रथिनांचे तुकडे करणारी द्रव्ये असतात. मटण प्रथिनांचे आणि आपली जीभही प्रथिनांचीच. त्या द्रव्यांना दोहोंतला फरक कळत नाही.

आता एक प्रश्न विचारतो. खाल्लेली डाळ, अंडी, मासे, मटण हे सारे पचवणारा, पपईच्या चिकापेक्षा कितीतरी जोरकस रस आपल्याच पोटात रोज तयार होतो. हा रस तयार करणारा अवयवही प्रथिनांचाच बनलेला आहे. मग तो रस त्या अवयवालाच का पचवून टाकत नाही?

उत्तर असे, की एरवी तो पचवत नाही, पण कधीकधी खरोखरच पचवू लागतो. त्या आजाराला स्वादुपिंडदाह म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी तुम्ही ‘पॅन्क्रिअ‍ॅटायटिस’ हा शब्द ऐकला असेल. तो का होतो आणि कसा टाळावा हे समजायचे असेल, तर आधी तो एरवी का होत नाही हे समजून घेतले पाहिजे.

स्वादुपिंड कोठे असते?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर, आडवी पडलेली सुमारे 15 सेंटिमीटर लांबीची ही ग्रंथी. वजन 100 ग्रॅमच्या आसपास. तिचे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाने, म्हणजे आद्यांत्राने, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वेढलेले असते. शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत जाते. ग्रंथी इतकी मागे असल्यामुळे तिचे दुखणे पोटात सुरू होऊन पाठीत जाते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

स्वादुपिंड दोन कामे करते. त्यातील पेशींची लहान बेटे इन्शुलिन रक्तात सोडतात. ते रक्तातील साखरेवर नियंत्रण ठेवते. पण ग्रंथीचा फार मोठा भाग पाचकरस बनवण्यात गुंतलेला असतो. हा रस दिवसाला एक ते दीड लिटर तयार होतो. हिशेब करून पाहा: 100 ग्रॅमची ग्रंथी रोज स्वतःच्या वजनाच्या दहापट आणि त्याहूनही अधिक रस बनवते!

हा रस एका नलिकेतून आतड्यात उतरतो. माणसातील ही नलिका इटलीतील पादुआ येथे योहान गेऑर्ग विर्सुंग याने 1642 साली शवविच्छेदन करताना पाहिली आणि तिचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवले. त्या नलिकेला आजही त्याचेच नाव आहे. आतड्यात शिरण्यापूर्वी बहुतेकांमध्ये ती यकृताकडून येणाऱ्या पित्तनलिकेला मिळते, आणि दोन्हींचा रस एकाच छोट्या दारातून बाहेर पडतो. दोन घरांना एकच दार! या व्यवस्थेतील धोका आपण पुढे पाहू.

पाच कुलपे

पाचकरसात अनेक विकर असतात. पिष्टमय पदार्थ फोडणारे अमायलेज, स्निग्ध पदार्थ फोडणारे लायपेज आणि प्रथिने फोडणारे ट्रिप्सिन ही त्यांतली प्रमुख नावे. यांपैकी सर्वांत धोक्याचे ट्रिप्सिन. अमायलेज तयार अवस्थेत बाहेर पडले तरी चालते, कारण ज्या पेशींनी ते बनवले त्या काही पिष्टाच्या बनलेल्या नाहीत. ट्रिप्सिनचे तसे नाही. म्हणून निसर्गाने त्याच्यावर एकामागून एक कुलपे घातली आहेत.

पहिले कुलूप: पेशी ट्रिप्सिन बनवतच नाही. ती बनवते ट्रिप्सिनोजेन. याच्या एका टोकाला आठ अमिनो आम्लांची एक शेपटी असते. ती शेपटी आहे तोवर हा विकर निरुपद्रवी असतो. पिस्तुलाचा खटका अडकवून ठेवावा, तसे.

दुसरे कुलूप: हे ट्रिप्सिनोजेन पेशीत मोकळे फिरत नाही. पातळ आवरणाच्या सूक्ष्म पिशव्यांत ते भरून ठेवलेले असते.

तिसरे कुलूप: शेपटी तोडणारी किल्ली स्वादुपिंडात ठेवलेलीच नाही. ती आतड्याच्या अस्तरात असते. एंटेरोकायनेज नावाचा हा विकर 1899 साली रशियात पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत सापडला. दारूगोळा एका गावात आणि काडेपेटी दुसऱ्या गावात, असा हा शहाणपणा आहे.

चौथे कुलूप: चुकून एखादा ट्रिप्सिनोजेन रेणू आतच जागा झाला, तर त्याला मिठी मारून निकामी करणारा एक छोटा प्रथिन-रेणू त्याच पिशवीत पहारा देत असतो. मात्र पहारेकरी थोडे असतात. सगळेच ट्रिप्सिन जागे झाले तर त्यांचे बळ पुरत नाही.

पाचवे कुलूप: वाहता प्रवाह. नलिकेच्या भिंतीतून बायकार्बोनेटयुक्त पाणी सतत पाझरते आणि विकरांना धुऊन आतड्याकडे नेते. रस साचत नाही, म्हणून आत उपद्रव करायला त्याला सवड मिळत नाही.

कुलूप आतच उघडले तर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ट्रिप्सिनोजेनची शेपटी एंटेरोकायनेज तोडतो, तशी स्वतः ट्रिप्सिनही तोडू शकतो. म्हणजे जागा झालेला एक रेणू दुसऱ्याला जागा करतो, ते दोघे आणखी दोघांना. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. अशा दहा पायऱ्यांनंतर 1024 आणि वीस पायऱ्यांनंतर दहा लाखांहून जास्त! अणुविखंडनाची साखळी प्रक्रिया तुम्ही भौतिकशास्त्रात शिकता, तिचाच हा भाऊबंद. आतड्यात हे घडते ते उपयोगाचे, कारण तेथे जेवण वाट पाहत असते. स्वादुपिंडाच्या आत घडले, तर जेवण म्हणजे स्वादुपिंडच.

1896 साली प्राग येथे हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने हीच कल्पना मांडली, की या आजारात स्वादुपिंड स्वतःच्याच रसाने पचते. तिचा गाभा आजही मान्य आहे. त्यात पुढे एवढी भर पडली, की जखमी पेशी रक्तातील पांढऱ्या पेशींना हाक देतात, आणि त्या धावून आल्यावर जी आग भडकते तिनेही मोठे नुकसान होते. कधी ती आग फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांच्यापर्यंत पोहोचते.

या आजारात एक चमत्कारिक रासायनिक गोष्ट घडते. साबण कसा बनतो, हे तुम्ही शिकला आहात: स्निग्ध पदार्थ फोडून मेदाम्ले मिळवायची आणि त्यांचा क्षार बनवायचा. सुटलेले लायपेज स्वादुपिंडाभोवतीची चरबी फोडते, मोकळी झालेली मेदाम्ले कॅल्शियमशी संयोग पावतात आणि पोटात खडूसारखे पांढरे ठिपके उमटतात. तो कॅल्शियमचा साबणच असतो! त्यासाठी कॅल्शियम खर्च होत असल्यामुळे गंभीर रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम घटलेले आढळते.

कुलपे कोण फोडते?

जगभर दोन कारणे पुढे आहेत: पित्तखडे आणि दारू. दोन्ही मिळून बहुसंख्य रुग्णांचा हिशेब लागतो.

पित्ताशयात साधारणतः कोलेस्टेरॉलचे खडे बनतात. खडा जितका मोठा तितका धोका मोठा, असे वाटणे स्वाभाविक आहे. स्वादुपिंडाच्या बाबतीत मात्र उलट घडते. मोठा खडा पित्ताशयाच्या अरुंद तोंडातून बाहेर निघूच शकत नाही. काही मिलिमीटरचा बारीक खडा सहज घरंगळतो आणि नेमका त्या सामाईक दारात अडकतो. 1901 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे यूजीन ओपी याने या आजाराने दगावलेल्या रुग्णाच्या शवचिकित्सेत असा एक लहानसा खडा दारातच अडकलेला पाहिला. दार बंद, प्रवाह थांबला, म्हणजे पाचवे कुलूप निखळले. खडे शोधण्याचे काम आज सोनोग्राफीने होते. ध्वनिलहरी खड्यावरून परततात आणि खड्याच्या मागे सावली पडते. ती सावलीच त्याचा ठावठिकाणा सांगते.

दारूचा मार्ग वेगळा. ती स्वादुपिंडाच्या पेशीतच मेदाम्लांशी जोडली जाऊन विषारी संयुगे बनवते. त्यांच्यामुळे पेशीतील कॅल्शियमचा तोल बिघडतो आणि पिशव्यांतील विकर अवेळी जागे होतात. शिवाय रस घट्ट होऊन नलिकेत प्रथिनांचे बूच बसतात. येथे भौतिकशास्त्राचा एक नियम आठवा. बारीक नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाने प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळावा हिस्सा उरतो. मग या बुचांवर कॅल्शियम कार्बोनेट साठते आणि चक्क खडूचे खडे तयार होतात. वर्षानुवर्षे असे चालले, की ग्रंथी आक्रसते. अन्नातील स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, वजन उतरते आणि इन्शुलिनची बेटेही नष्ट झाल्यावर मधुमेह होतो. याला दीर्घकालीन स्वादुपिंडदाह म्हणतात, आणि गेलेली ग्रंथी परत येत नाही. तंबाखूचे धूम्रपान हे दारूचे जोडीदार आहे, एवढेच पूर्वी मानत. ते एकटेही हा आजार ओढवू शकते, हे अलीकडच्या अभ्यासांनी दाखवले आहे.

बाकीची कारणे थोडक्यात पाहू. रक्तातील ट्रायग्लिसराइड हा मेद 100 मिलिलिटरला 150 मिलिग्रॅमपेक्षा कमी असावा. तो 1000 च्या वर गेला तर स्वादुपिंड धोक्यात येते. गालगुंडाच्या साथीत एखाद्या मुलाला सौम्य स्वादुपिंडदाह होतो. काही औषधांनीही तो क्वचित होतो.

पोटातील गोल जंत हे आपल्याकडचे एक कारण. वीतभर लांबीचा हा जंत आतड्यातून भटकत त्याच सामाईक दारात शिरतो. काश्मीर खोऱ्यातील डॉक्टरांनी अशा शेकडो रुग्णांची नोंद केली आहे.

तुमच्या वयाच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण महत्त्वाचे: सायकलचे हँडल! पडताना हँडलचे टोक पोटात घुसते, तेव्हा स्वादुपिंड पुढचे हँडल आणि मागचा कणा यांच्यात चेपले जाते. येथेही पदार्थविज्ञानच आहे. बल तेच, पण क्षेत्रफळ लहान, म्हणून दाब प्रचंड. पोटावर वरून केवळ एक गोल वळ दिसतो. मुलगा घरी रागावतील म्हणून गप्प बसतो, आणि दुखणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उसळते.

साबुदाण्याला दोष?

केरळात विसाव्या शतकाच्या मध्यापासून एक कोडे डॉक्टरांना छळत होते. दारूला कधी न शिवलेली तरुण मुले दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाने आजारी पडत, त्यांच्या नलिकांत खडे सापडत आणि लवकरच त्यांना मधुमेह होई. तेथील गरिबांच्या आहारात टॅपिओकाचे कंद मोठ्या प्रमाणात असत, आणि त्या कंदांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. तेव्हा संशय टॅपिओकावर गेला. आपला साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून बनतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

पण टॅपिओका न खाणाऱ्या प्रदेशांतही हा आजार सापडला, आणि टॅपिओका खाणाऱ्या असंख्य लोकांना तो होत नव्हता. मग एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळाच धागा हाती लागला. भारतातील अशा अनेक रुग्णांच्या एका जनुकात बदल आढळला, आणि ते जनुक होते आपल्या चौथ्या कुलपाचे, म्हणजे पहारेकरी प्रथिनाचे! त्याआधी 1996 साली, काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या स्वादुपिंडदाहाचे मूळ खुद्द ट्रिप्सिनोजेनच्या जनुकात सापडले होते. त्या कुटुंबांत एकच अमिनो आम्ल बदललेले होते. एकत्र दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीचे कारण असेलच असे नाही, हा धडा यातून घ्यावा. साबुदाण्याची खिचडी निश्चिंतपणे खा.

दुखणे कसे ओळखावे?

पोटाच्या वरच्या भागात एकाएकी सुरू होऊन तासन्‌तास टिकणारे, पाठीत जाणारे तीव्र दुखणे. उताणे झोपल्यावर ते वाढते, पुढे वाकून बसल्यावर थोडे हलके वाटते. सोबत वारंवार उलट्या. अशा वेळी ‘वायगोळा उठला’, ‘बेंबी सरकली’ असे म्हणून पोट चोळणे, सोडा पिणे किंवा ओवा खाऊन रात्र काढणे घातक ठरते. सरळ रुग्णालय गाठावे. तेथे रक्तातील लायपेज किंवा अमायलेज तपासतात. ते नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर निदान बहुधा पक्के होते.

जळत्या स्वादुपिंडाला थेट विझवणारे औषध अजून नाही. शिरेतून भरपूर द्रव देणे, वेदना शमवणे आणि बारीक लक्ष ठेवणे हाच मुख्य उपचार. सुमारे 80 टक्के रुग्ण यानेच आठवड्याभरात सुधारतात. उरलेल्यांचे दुखणे गंभीर होते, आणि त्यांतले काही दगावतात. पूर्वी ग्रंथीला विश्रांती म्हणून रुग्णाला बरेच दिवस उपाशी ठेवत. आता सहन होईल तितक्या लवकर तोंडाने अन्न सुरू करतात, कारण उपाशी आतड्याचे अस्तर दुबळे होते आणि जंतूंना वाट मिळते.

कसे टाळावे?

कुलपांचा विचार केला म्हणजे उपाय आपोआप सुचतात.

1. दारू आणि तंबाखू यांना शिवू नये. ‘एकदा घेतल्याने काय होते?’ असे मित्र म्हणतील. एकदा घेणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, हे खरे. पण कोणाच्या जनुकातले कुलूप आधीच सैल आहे, हे कपाळावर लिहिलेले नसते. ज्याला एकदा दारूमुळे स्वादुपिंडदाह झाला, त्याने तर ती कायमची सोडलीच पाहिजे.

2. वजन आटोक्यात ठेवावे, पण ते झपाट्याने उतरवू नये. लठ्ठपणाने पित्तखडे होतात आणि उपासमार करून आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन घटवले तरी होतात, कारण पित्ताशय रिकामे न होता पित्त आत साचून राहते.

3. खड्यामुळे एकदा दाह झाला असेल, तर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. दुखणे थांबले म्हणजे खडे गेले असे नव्हे.

4. घरात कोणाचे ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असेल, तर औषध आणि पथ्य यांत खंड पडू देऊ नये.

5. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत, भाज्या धुऊन घ्याव्यात. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती टाळू नये.

6. सायकलच्या हँडलच्या टोकांवरील रबरी मुठी फाटल्या असतील, तर आजच बदला. हँडल पोटात लागले असेल आणि पोट दुखत असेल, तर घरी लगेच सांगा. शिक्षकांनीही अशा मुलाला ‘थोडा वेळ पडून राहा’ असे सांगून सोडू नये.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने जिलेटिनची जेली गरम पाण्यात विरघळवून तीन कपांत ओता. ती कोमट झाल्यावर पहिल्या कपात काही घालू नका. दुसऱ्यात ताज्या अननसाचा रस घाला. तिसऱ्यात तोच रस दहा मिनिटे उकळून, थंड करून घाला. तिन्ही कप रात्रभर थंड जागी ठेवा. कोणती जेली थिजत नाही? का? (जिलेटिन हे प्रथिन आहे. अगर-अगरची जेली घेतली, तर हा प्रयोग साधणार नाही. का साधणार नाही, तेही शोधा.)

विचार करा

1. एंटेरोकायनेज जन्मतःच नसलेल्या बाळाच्या पचनात काय बिघडेल?

2. स्वादुपिंडाच्या नलिकेची त्रिज्या एक तृतीयांश झाली, तर तेवढ्याच दाबाने प्रवाह किती पटींनी कमी होईल?

3. लायपेज रक्तात वाढलेले सापडते. ते एरवी आतड्यात जाते. मग रक्तात कोणत्या वाटेने आले असेल?